समुद्राच्या अल्याड-पल्याड : युरोप आणि उत्तर आफ्रिकेच्या संयुक्त संशोधनाबद्दल तुमचे प्रश्न

युरोप आणि उत्तर आफ्रिकेतले देश मिळून जे संशोधन करतात, त्याबद्दलच्या वाचकांच्या पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत. शेतीचं पाणी, प्रकल्पांचे हिशेब आणि नमुन्यांचे कायदे या तीन विषयांतल्या जाणकारांनी ती लिहिली आहेत. लांबलेली पत्रं थोडक्यात घेतली आहेत.

प्रश्न : माराकेशजवळ फ्रेंच आणि मोरोक्कन शास्त्रज्ञ पीक किती पाणी पितं ते मनोऱ्यावरच्या यंत्रांनी मोजतात, असं वाचलं. आम्ही लायसिमीटर (पीक लावलेली मातीची टाकी, जिच्यातलं पाणी किती घटलं ते मोजतात) वापरतो. मनोऱ्याच्या आकड्यांवर भरवसा किती ठेवायचा? (पीएच.डी. विद्यार्थिनी, राहुरी)

तुम्ही म्हणता तो भाग म्हणजे हाउझचं मैदान, तान्सिफ्त नदीच्या खोऱ्यातलं. तिथे वर्षाला पाऊस पडतो साधारण २५० मिमी आणि संदर्भ बाष्पोत्सर्जन (पाण्याची टंचाई नसलेल्या आखूड गवताच्या शेतातून उडेल तेवढं पाणी) आहे १६०० मिमीच्या आसपास. मधली तूट अ‍ॅटलास पर्वतावरचा बर्फ, धरणं आणि जमिनीखालचं पाणी भरून काढतं. तूलूजची सेसबियो प्रयोगशाळा, फ्रान्सची आयआरडी ही संस्था आणि माराकेशचं कादी अय्याद विद्यापीठ यांनी २००२ मध्ये ‘सूदमेद’ नावाने काम सुरू केलं. त्यातूनच पुढे ‘त्रेमा’ ही संयुक्त प्रयोगशाळा उभी राहिली. गहू, ऑलिव्ह, संत्रं अशा पिकांवर त्यांचे मनोरे आहेत.

पद्धतीचं नाव एडी कोव्हेरियन्स. पिकाच्या माथ्यावर दोन यंत्रं शेजारी-शेजारी बसवतात. सोनिक अ‍ॅनिमोमीटर वाऱ्याचा वेग तिन्ही दिशांनी मोजतो, दुसरं यंत्र हवेतली वाफ मोजतं, आणि दोघांच्या सेकंदाला १० ते २० नोंदी होतात. वर जाणारे झोत जर खाली येणाऱ्या झोतांपेक्षा जास्त ओले असतील, तर पाणी शेतातून हवेत चाललं आहे. उभा वेग आणि वाफ यांच्या चढउतारांचा एकमेकांशी असलेला संबंध अर्ध्या तासाच्या नोंदींवरून काढतात. उत्तर येतं वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. एक मिमी पाण्याची वाफ व्हायला चौरस मीटरमागे २.४५ मेगाज्यूल लागतात, म्हणजे अर्धा तास ३०० वॅट मिळाले तर ०.२२ मिमी पाणी उडालं.

भरवसा ठेवायचा, पण तपासून. पिकाला मिळालेल्या निव्वळ किरणोत्सर्गातून जमिनीत शिरलेली उष्णता वजा करा. उरेल तेवढी ऊर्जा हवा तापवण्यात आणि पाण्याची वाफ करण्यात गेलेली दिसायला हवी. प्रत्यक्षात मनोऱ्यावर तिच्यापैकी ७० ते ९० टक्केच सापडते. उरलेली कुठे जाते याची कारणं बरीच आहेत, पण नव्या माणसाच्या हातून एक चूक हमखास होते. जमिनीत शिरणारी उष्णता मोजणारी तबकडी ५ सेंमीवर पुरतात आणि तिच्या वरच्या मातीच्या थरात साठलेली उष्णता हिशेबात धरतच नाहीत. पाणी सोडल्यावर तर त्या थराची उष्णता धरण्याची क्षमता एकदम वाढते. म्हणून तबकडीच्या वर तापमान आणि ओलावा मोजणारे संवेदक बसवलेच पाहिजेत.

दुसरी अडचण जागेची. मापनाची उंची पिकाच्या वर २ मीटर असेल तर वारा येतो त्या बाजूला किमान २०० मीटर एकसारखं शेत हवं. शंभर पटींचा हा ढोबळ नियम आहे. हाउझमध्ये सेगिया नावाचे मातीचे पाट आहेत आणि पाणी पाळीने येतं. आज शेजाऱ्याची पाळी असली आणि वारा तिकडून आला, तर तुमच्या कोरड्या गव्हाच्या नावावर त्याच्या ओल्या शेताची वाफ लिहिली जाते. म्हणून कोणत्या शेताला कोणत्या दिवशी पाणी दिलं याची वही मनोऱ्याच्या आकड्यांइतकीच मोलाची. ती वही पॅरिसहून ठेवता येत नाही, पाटकऱ्याशी ओळख असलेला माणूसच ठेवू शकतो.

तिसरी, धूळ आणि दव. वाफ मोजणाऱ्या यंत्राच्या, म्हणजे विश्लेषकाच्या, उघड्या काचेवर धूळ बसली की वाफेचा आकडा सरकतो. पहाटे दव पडलं की नोंद निकामी होते. काच मऊ कापडाने पुसायची आणि पुसल्याची वेळ लिहून ठेवायची. सोनिक थोडा जरी कलला तरी आडव्या वाऱ्याचा भाग उभ्यात मिसळतो. गणिताने तो दुरुस्त होतो, पण मुळात पाणसळ लावून बसवणं चांगलं.

ऊर्जेचा ताळा जुळवायला सगळी तूट बाष्पोत्सर्जनात टाकायची, की हवा तापवणारी उष्णता आणि वाफ या दोन्ही प्रवाहांत प्रमाणात वाटायची, यावर मतभेद आहेत. आमचा सल्ला : प्रबंधात मूळ आकडा आणि दुरुस्त आकडा दोन्ही छापा. लायसिमीटरशी तुलना करताना लक्षात ठेवा, तो काही चौरस मीटरचं सांगतो आणि मनोरा काही हेक्टरांचं. दोघांचं जुळलं नाही म्हणजे एक खोटा, असं नाही.

एका शेतावरून अख्ख्या मैदानावर जायला उपग्रह लागतो. सेंटिनेल-२ दर ५ दिवसांनी १० मीटरच्या तपशिलाने हिरवेपणा दाखवतो. त्यावरून पीक-गुणांक (संदर्भ बाष्पोत्सर्जनाला ज्याने गुणलं की पिकाचं पाणी कळतं तो आकडा) काढायचा आणि रोजचा पाण्याचा जमाखर्च मांडायचा. यासाठी ‘सामिर’ नावाचं साधन याच सहकार्यात घडलं. त्याची उणीव अशी की हिरवेपणावरून उघड्या ओल्या मातीतून उडणारं पाणी दिसत नाही. त्यासाठी जमिनीचं तापमान लागतं. फ्रान्सची अंतराळ संस्था आणि इस्रो यांची ‘तृष्णा’ मोहीम त्याचसाठी आखलेली आहे, आणि सेसबियोचे लोक तिच्यात आहेत. तेव्हा राहुरीचं काम आणि माराकेशचं काम पुढे एकाच उपग्रहाच्या आकड्यांवर येईल.

आणि एक गोष्ट, जी आपल्याकडे कानाआड केली जाते. मोरोक्कोने २००८ च्या हरित योजनेत ठिबकला घसघशीत अनुदान दिलं. शेतावर पाणी वाचलं, पण अनेक शेतकऱ्यांनी वाचलेल्या पाण्यावर क्षेत्र वाढवलं किंवा जास्त पाण्याची पिकं घेतली. शिवाय मोकाट पाण्यातलं जे खाली झिरपून विहिरींना मिळत होतं, ते थांबलं. भूजलाची घसरण ठिबकने आपोआप थांबत नाही. मोजमाप करायचं ते झाडाखालच्या ओलाव्याचंच नाही, अख्ख्या खोऱ्याच्या ताळेबंदाचं.

प्रश्न : मी इटलीतल्या एका संशोधन संस्थेच्या प्रकल्प कार्यालयात काम करतो, मूळचा कोल्हापूरचा. पुढच्या प्रस्तावात ट्युनिशियाचं विद्यापीठ आणि मोरोक्कोची संस्था भागीदार आहे. हिशेबात कुठे अडकायला होतं?

आधी योजना कोणती ते पक्कं करा. प्रिमा ही भूमध्य परिसरातल्या पाणी, शेती आणि अन्नसाखळीवरच्या संशोधनाची भागीदारी आहे, सचिवालय बार्सिलोनात. २०१७ च्या युरोपीय निर्णयाने ती उभी राहिली, आणि मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया, इजिप्त तिच्यात सहभागी देश म्हणून बसतात. किमान तीन देशांतल्या तीन संस्था लागतात, त्यांत उत्तर आणि दक्षिण दोन्ही काठ हवेत. पहिल्या विभागात पैसा युरोपीय संघाचा असतो आणि नियम एकच. दुसऱ्या विभागात प्रत्येक भागीदाराला त्याच्याच देशाची निधी-संस्था पैसे देते. गोंधळ होतो तो इथे. प्रत्येक देशाची कमाल रक्कम वेगळी, कागद वेगळे, काही ठिकाणी राष्ट्रीय अर्जही वेगळा. एका देशाने आपल्या भागीदाराला अपात्र ठरवलं, तर सहसा अख्खा प्रस्तावच बाद होतो. मंजुरीनंतरही पैसे सगळीकडे एकाच महिन्यात येत नाहीत. एका काठावर माणूस नेमलेला असतो आणि दुसऱ्यावर संगणकही आलेला नसतो. कामाचं वेळापत्रक आखताना पहिल्या सहा महिन्यांत एका भागीदाराचं काम दुसऱ्याच्या निकालावर अवलंबून ठेवू नका.

होरायझन युरोप, म्हणजे युरोपीय संघाचा मोठा संशोधन-निधी कार्यक्रम, असेल तर ट्युनिशिया आणि मोरोक्को एका मापात बसत नाहीत. ट्युनिशिया या कार्यक्रमाशी संलग्न देश आहे, म्हणजे करार करून जवळजवळ सदस्य देशासारखा सहभागी. मोरोक्को संलग्न नाही, पण कमी-मध्यम उत्पन्नाच्या देशांच्या यादीत असल्यामुळे त्याला निधी मिळतो. कागदावर फरक लहान दिसतो, पण संलग्न देशातल्या सार्वजनिक विद्यापीठाला लिंगसमानता आराखडा सक्तीचा आहे. तो कुलगुरूंच्या सहीने संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेला हवा, त्यासाठी माणसं आणि पैसा नेमलेला हवा. करारावर सह्या होण्याआधी तो तयार नसेल तर ट्युनिशियाचा भागीदार अडकतो. मोरोक्कोच्या संस्थेला ही अट नाही. बऱ्याच समन्वयकांना हे उमगतं ते करार पुढ्यात आल्यावर. प्रत्येक संस्थेचा नऊ आकडी नोंदणी क्रमांक आणि अधिकृत प्रतिनिधीची नेमणूक हेही प्रस्तावाच्या काळातच उरकून घ्या. मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सही करायचा अधिकार नेमका कोणाचा, हे शोधण्यातच आठवडे जातात.

यंत्रखरेदीत सर्वांत जास्त पैसा बुडतो. सर्वसाधारणपणे यंत्राची पूर्ण किंमत मिळत नाही, प्रकल्पकाळातला घसारा तेवढा मिळतो. समजा ४०,००० युरोचा वायू-विश्लेषक आहे, आयुष्य ५ वर्षं, प्रकल्प ४८ महिन्यांचा. तिसऱ्या महिन्याअखेर वापरात आला तर ४५/६० या प्रमाणात ३०,००० युरो दाखवता येतात. निविदा, परकीय चलनाची परवानगी आणि जकात यांत गाडी अडकून तो चोविसाव्या महिन्याअखेर सुरू झाला, तर २४/६० म्हणजे १६,०००. चौदा हजारांचा खड्डा भागीदाराच्या अंगावर. दिनार आणि दिरहॅम खुलेपणाने बदलता येणारी चलनं नाहीत, सार्वजनिक खरेदीचे नियम कडक आहेत, त्यामुळे ही भीती काल्पनिक नव्हे. उपाय असा की यंत्राचा तपशील करार होण्याआधीच गोठवायचा आणि जकात-माफीचा अर्ज पुरवठादाराच्या पहिल्या पत्रकाबरोबरच द्यायचा. पूर्ण किंमत देण्याची मुभा त्या योजनेत आहे का, तेही पाहा, काहींत असते.

युरोपातलं यंत्र थोड्या दिवसांसाठी न्यायचं असेल तर एटीए कार्नेट (तात्पुरतं सामान जकात न भरता नेण्याचा कागद) काढा. मोरोक्को आणि ट्युनिशिया दोन्ही तो मानतात. मुदत जास्तीत जास्त एक वर्ष. वापरून संपणाऱ्या वस्तू, म्हणजे रसायनं, गाळण्या, नळ्या, त्यात चालत नाहीत. त्या वेगळ्या खोक्यात, वेगळ्या पावतीवर. एकाच खोक्यात सगळं भरलं की सगळंच थांबतं.

विनिमय दराबद्दल : जो भागीदार हिशेब युरोत ठेवत नाही, त्याने खर्चाच्या दिवशीचा बँकेचा दर लावायचा नसतो. अहवाल-काळाची सरासरी लावायची असते. ज्या चलनाचा रोजचा दर युरोपीय मध्यवर्ती बँक छापत नाही, त्याला युरोपीय आयोगाच्या मासिक हिशेबी दरांची सरासरी. लेखापरीक्षणात हे पकडलं जातंच. कामाचे दिवस महिन्यागणिक लिहून त्यावर स्वतःची आणि वरिष्ठाची सही हवी. वर्षाला एका माणसाचे २१५ दिवसांपेक्षा जास्त धरले जात नाहीत. अप्रत्यक्ष खर्चाचे २५ टक्के थेट खर्चावर आपोआप मिळतात, पण उपकंत्राटाची रक्कम त्यातून वगळून. म्हणून दक्षिणेकडच्या संस्थेला भागीदार न करता उपकंत्राटदार केलं की तिच्या हातून ते २५ टक्केही जातात आणि निकालांवरचा हक्कही. असं करणारे प्रस्ताव आम्हाला पटत नाहीत, परीक्षकांनाही फारसे पटत नाहीत.

प्रश्न : मोरोक्कोतून माती आणि ऑलिव्हची पानं फ्रान्सला मागवली होती. पार्सल विमानतळावरच नष्ट केलं. आत काही घातक नव्हतं. मग का? (संशोधिका, माँपेलिए)

कारण युरोपीय संघात बाहेरच्या देशांतून माती आणायला मुळातच बंदी आहे. वैज्ञानिक कामासाठी मिळते ती सवलत, आणि ती आधी मागावी लागते. ज्या देशात माती येणार त्या देशाच्या वनस्पती-संरक्षण खात्याकडून अधिकारपत्र घ्यायचं. त्यासाठी तुमची प्रयोगशाळा बंदिस्त हाताळणीसाठी मान्य झालेली हवी, आणि उरलेली माती ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) टाकण्याची सोय दाखवावी लागते. अधिकारपत्राची प्रत पार्सलच्या बाहेर, स्पष्ट दिसेल अशी. मोरोक्कोच्या बाजूने ओन्सा या अन्नसुरक्षा कार्यालयाशी बोलून पाठवणीचे कागद तयार ठेवायचे. क्रम महत्त्वाचा आहे : आधी अधिकारपत्र, मग नमुने गोळा करणं. उलटं केलं की नमुने महिनोन्‌महिने पोत्यात पडतात आणि सूक्ष्मजीवांचं चित्र बदलून जातं.

ऑलिव्हच्या पानांबद्दल युरोप जास्तच सावध आहे, त्याला कारण आहे. २०१३ मध्ये इटलीच्या पुलिया भागात झायलेला फास्टिडिओसा हा जीवाणू ऑलिव्हवर सापडला आणि बागाच्या बागा वाळल्या. तुम्हाला जर डीएनएच हवा असेल, तर पानं पाठवूच नका. तो मोरोक्कोतच काढून घ्या. काम तिथल्या प्रयोगशाळेत होतं, तिथल्या विद्यार्थ्याचा हात बसतो, आणि जिवंत रोपसामग्री सीमा ओलांडत नाही. कीटक अल्कोहोलमध्ये पाठवायचे असतील तर विमान-वाहतुकीच्या नियमांत छोट्या वैज्ञानिक नमुन्यांना सूट आहे : एका कुपीत सुटं द्रव ३० मिलीपेक्षा जास्त नको, बाहेरच्या खोक्यात एकूण एक लिटरच्या आत, आणि आत शोषून घेणारं साहित्य हवं.

डीएनए काढला म्हणजे नागोया करारातून (दुसऱ्या देशाची जनुकीय संसाधनं वापरण्याबद्दलच्या आंतरराष्ट्रीय करारातून) सुटका होते, असं मात्र समजू नका. जनुकीय संसाधन मोरोक्कोचं आहे. ते वापरायची पूर्वसंमती आणि लाभवाटपाच्या अटी लेखी हव्यात. युरोपीय नियम ५११/२०१४ प्रमाणे हे कागद वापरणाऱ्यानेच, म्हणजे तुम्ही, जपून ठेवायचे आहेत. निधी देणारे त्याची घोषणा मागतात.

प्रश्न : सर्वेक्षणासाठी ड्रोन बरोबर न्यावा का? (पुणे)

नाही. मोरोक्कोने २०१५ पासून परवान्याशिवाय ड्रोन आणायला मनाई केली आहे, विमानतळावर काढून घेतात. इजिप्त आणि अल्जीरियातही तेच. हाताच्या सामानात सुटे भाग करून नेण्याचा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका, परदेशी शास्त्रज्ञाला त्यात चौकशी आणि स्थानिक भागीदाराला त्याहून जास्त त्रास. तिथल्या संस्थेचा परवानाधारक ड्रोन आणि चालक मिळतो का ते पाहा, नाहीतर सेंटिनेल-२ वर भागवा. रेडिओने आकडे पाठवणारे संवेदकही दूरसंचार नियामकाची मान्यता असल्याशिवाय नेऊ नयेत.

प्रश्न : भारतीय पासपोर्टवर या कामात शिरता येतं का? माझी पीएच.डी. नुकतीच झाली आहे. (औरंगाबादहून एक वाचक)

मारी क्युरी पोस्टडॉक शिष्यवृत्ती कोणत्याही राष्ट्रीयत्वाच्या संशोधकाला खुली आहे. तिच्या ‘युरोपीय’ प्रकारात यजमान संस्था सदस्य देशात किंवा संलग्न देशात असावी लागते. ट्युनिशिया संलग्न आहे, म्हणजे भारतीय संशोधक थेट ट्युनिसच्या विद्यापीठात जाऊ शकतो. हे फार थोड्यांना सुचतं आणि म्हणूनच करून पाहण्यासारखं आहे. अट अशी की अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या ३६ महिन्यांत तुम्ही त्या देशात १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिलेले नसावेत. ‘जागतिक’ प्रकार मात्र युरोपीय संघाच्या आणि संलग्न देशांच्या नागरिकांना किंवा तिथे दीर्घकाळ राहिलेल्यांनाच मिळतो. मोरोक्कोत जायचं असेल तर युरोपीय यजमानाकडून काही महिन्यांची पाठवणी मागा. शिष्यवृत्तीच्या एक तृतीयांश काळापर्यंत ती घेता येते.

तुमची भारतीय संस्था होरायझनमध्ये भागीदार होऊ शकते, पण बहुतेक वेळा आपल्या खर्चाने. भारत त्या आपोआप निधी मिळणाऱ्या देशांच्या यादीत नाही. आणि फ्रेंच शिका. मगरिब देशांतल्या, म्हणजे मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या भागातल्या, विद्यापीठांची पत्रं, पावत्या, परवाने फ्रेंच किंवा अरबीत असतात.

प्रश्न : खुफूच्या पिरॅमिडमधली पोकळी न फोडता कशी शोधली? मुलं विचारतात. (विज्ञान शिक्षक, सावंतवाडी)

आकाशातून येणाऱ्या वैश्विक किरणांमुळे वातावरणात म्युऑन नावाचे कण तयार होतात. समुद्रसपाटीला तळहाताएवढ्या जागेवरून सेकंदाला एखाद-दुसरा जातो. ते दगडातून जातात, पण जाड दगडात काही अडकतात. पिरॅमिडच्या आत शोधक ठेवून वेगवेगळ्या दिशांनी आलेले म्युऑन मोजायचे. एखाद्या दिशेने अपेक्षेपेक्षा जास्त आले, तर त्या वाटेवर दगड कमी आहे. जपानच्या नागोया विद्यापीठाने राणीच्या दालनात फोटोच्या फिल्मसारख्या पट्ट्या ठेवल्या, फ्रान्सच्या अणुऊर्जा आयोगाने बाहेर वायूवर चालणारे शोधक लावले, आणि इजिप्शियन अभियंत्यांच्या सहभागाने २०१७ मध्ये ‘ग्रँड गॅलरी’ या आतल्या उंच, चढत्या मार्गाच्या वर किमान ३० मीटर लांबीची पोकळी असल्याचं जाहीर झालं. उत्तर बाजूचा ९ मीटरचा बोळ २०२३ मध्ये बारीक दुर्बिणीने प्रत्यक्ष पाहिला गेला. घाई इथे चालत नाही : म्युऑन मोजके येतात, चित्र स्पष्ट व्हायला महिने लागतात. ‘पोकळी’ म्हणजे दालन, खजिना असं मुलांना सांगू नका. म्युऑन एवढंच सांगतात की तिथे दगड कमी आहे.

इजिप्तमधून पुरातन नमुने बाहेर नेता येत नाहीत. त्यामुळे कालमापनासाठी लाकूड-कोळशाचे तुकडे युरोपात न पाठवता कैरोतल्या इफाओ या फ्रेंच संस्थेत रेडिओकार्बन प्रयोगशाळा उभारावी लागली. बंदीमुळे प्रयोगशाळा देशात आली, हा उलटा फायदा.

प्रश्न : ट्युनिशियाच्या सहकाऱ्याला आमच्याकडे परिषदेला बोलवायचं आहे. व्हिसा वेळेवर मिळेल का? (जर्मनीतून)

निर्णयाला १५ दिवस, चौकशी वाढली तर ४५. अर्ज सहा महिने आधी करता येतो, तो तसाच करावा, कारण खरी रांग भेटीची वेळ मिळण्यात असते. निमंत्रणपत्रात परिषद की संशोधन हे नेमकं लिहा : या दोन्हींसाठी जाणाऱ्या संशोधकाला शेंगेन व्हिसाचं ९० युरोचं शुल्क माफ आहे, आणि खिडकीवर हे सांगितल्याशिवाय लक्षात घेतलं जात नाही. बाहेरच्या सेवा-केंद्राचं शुल्क वेगळं द्यावं लागू शकतं. राहण्याचा खर्च कोण करतं आणि किती, तेही आकड्यात. तीन महिन्यांपेक्षा जास्त राहायचं असेल तर तुमच्या संस्थेने यजमान करार करून संशोधकाचा वेगळा व्हिसा काढावा. गेल्या दोन वर्षांत तीन व्हिसा नीट वापरलेल्या माणसाने पुढचा मागताना एका वर्षाचा, अनेक प्रवेशांचा मागावा. नियमांत ती तरतूद आहे.